जिगसॉचं ब्लेड सारखं निसटतंय? आधी त्याचं बूड बघा

"मामा, परत पडलं की."

एका दिवसात चौथ्यांदा हे ऐकलं आणि हातातला रंधा खाली ठेवला. भाचा जिगसॉवर, म्हणजे बारीक पातं वर-खाली करत कापणाऱ्या हातातल्या करवत-मशीनवर, फर्मे कापत होता. आमच्या सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. त्यांना शर्टाच्या पाठीचे, बाहीचे, कॉलरचे फर्मे लागतात. पुठ्ठ्याचा फर्मा खडू फिरवून फिरवून कडेला झिजतो, म्हणून आम्ही ते ६ मिमी प्लायमध्ये करून देतो. सरळ कडेला काहीच तक्रार नव्हती. मुंढ्याची गोलाई आली की मशीनचा आवाज बदलायचा, खडखड सुरू व्हायची आणि ब्लेड प्लायमध्येच उभं अडकून राहायचं. मशीन तोवर चार बोटं पुढं गेलेलं. चौथ्या वेळी ते प्लायमधनं सुटून भाच्याच्या चपलेवर पडलं. चप्पल जाड होती म्हणून बरं.

"मशीनच गेलंय," त्यानं निकाल दिला.

"थांब बे, मशीन कशाला जातंय."

असं ठामपणे म्हणायला मला पदरचे सातशे रुपये लागलेत. तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या जिगसॉला हीच सवय लागली होती. दोनदा दुरुस्तीला दिलं, दर खेपेला साडेतीनशे रुपये. दोन्ही वेळा मशीन आठ दिवस नीट चाललं आणि नवव्या दिवशी ब्लेड पुन्हा खाली. तिसऱ्यांदा मी ते ट्यूबलाइटखाली धरून स्वतःच बघितलं. काय सापडलं ते पुढं येईल. त्यानंतर ओळखीच्या मिस्त्री लोकांची दहा-बारा मशीनं तरी याच तक्रारीसाठी माझ्या बाकड्यावर आली. खरोखर मशीन झिजलेलं होतं असं त्यातलं एकच. बाकीच्यांचं दुखणं ब्लेडच्या बुडाशी, नाहीतर ज्या खाचेत ते बूड बसतं त्या खाचेत.

मुळात ब्लेड निसटतं का, हे एकदा नीट समजलं की अर्धी शोधाशोध वाचते. साधं ब्लेड हातात धरून बघा. दात्यांची टोकं वरच्या बाजूला, मशीनकडं वळलेली असतात. म्हणजे ब्लेड वर जाताना कापतं, खाली येताना नुसतंच येतं. वर जाताना दाते लाकडाला ओरबाडतात आणि लाकूड ब्लेडला खाली खेचतं. दर फेरीला एक हिसका, आणि तोही नेमका ब्लेड क्लॅम्पमधनं, म्हणजे त्याला धरणाऱ्या पकडीतनं, बाहेर येईल अशा दिशेला. मशीन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला ५० हिसके झाले. बोटानं ओढून घट्ट वाटलेलं ब्लेड अर्ध्या मिनिटात दीड हजार हिसके खातं. बसवण्यात केसभर कसर राहिली असेल तर ती तिथं उघडी पडते.

हात लावण्याआधी प्लग काढा. स्विच बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी बाहेर. माझ्याकडच्या स्क्रूवाल्या मशीनची एलन की, म्हणजे स्क्रू आवळायची षटकोनी किल्ली, मी सुतळीनं प्लगच्या अगदी जवळ बांधलीय. सुतळी इतकी आखूड ठेवलीय की प्लग भिंतीत असेल तर की ब्लेडपर्यंत पोचतच नाही. आणि नुकतंच चाललेलं ब्लेड बोटानं धरू नका, विशेषतः ॲल्युमिनियम कापल्यावर. माझ्या आंगठ्याला एकदा दात्यांची नक्षी उमटली होती, ती आठवडाभर मिरवली.

आता बूड. ब्लेडचा जो भाग मशीनच्या आत जातो त्याला मी बूडच म्हणतो, कारण आमच्या घरात शिलाई मशीनच्या सुईला तोच शब्द होता. बाजारात दोन तऱ्हेची बुडं मिळतात. एकाच्या वरच्या टोकाला दोन बाजूंना दोन कान आणि त्यांच्याखाली बारीक गळा, इंग्रजी टी अक्षरासारखा. ही टी शँक. दुसऱ्याला कान नाहीत, नुसती सरळ पट्टी, टोकाला भोक किंवा यू आकाराची खाच. ही यू शँक. टी शँक बॉशनं आणली आणि आता बहुतेक कंपन्यांची मशीनं तीच घेतात. जुन्या आणि काही स्वस्त मशीनांना मात्र यू लागते. काही स्क्रूवाली मशीनं दोन्ही धरतात, पण ते मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच खरं माना.

गोंधळ कुठं होतो? टीच्या मशीनमध्ये यू ब्लेड सरकतं. सरकतं म्हणून माणूस खूश होतो. ब्लेड पकडणारा खटकासुद्धा कधीकधी अर्धवट मिटतो. पण आत अडकायला कानच नाहीत, तर धरणार कशाला? पहिल्या चिऱ्यातच ब्लेड हातात. पाकिटावर कोड असतो, त्याचं पहिलं अक्षर वाचायची सवय लावून घ्या. बॉशच्या पद्धतीत टी १४४ डी, टी १०१ बी असं टीनं सुरू झालं तर कानवालं, यूनं सुरू झालं तर बिनकानाचं. मंगळवार पेठेत मी जिथनं ब्लेड घेतो तिथले अण्णा आता विचारतच नाहीत. पण भाचा पहिल्यांदा एकटा गेला तेव्हा त्यांनी त्याला तीनदा विचारलं, "टी का यू?" आणि हा तिन्ही वेळा म्हणाला, "जिगसॉचं." शेवटी त्यांनी मला फोन लावला. शंका असेल तर जुनं ब्लेड, तुटलेलं का असेना, खिशात घालून दुकानात जा.

आमचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. घरगुती मशीनची सुई बुडाला एका बाजूनं चपटी असते आणि जाडीला साधारण २ मिमी. कारखान्यातल्या मशीनची सुई असते पूर्ण गोल आणि बुडाला १.६ मिमीच्या आसपास. कारखान्यात काम करणाऱ्या बायका तिथली सुई घरी नेऊन घरच्या मशीनला लावायच्या. बसायची, स्क्रूही आवळला जायचा. मग टाके सुटायचे, सुई हलायची, तुटायची, आणि मशीन आमच्या दारात. वडील मशीनला हात लावायच्या आधी सुई काढून तिचं बूड आंगठ्यावर फिरवून बघायचे. जिगसॉ बघताना मी तेच करतो. आणि हे काही ओढूनताणून जोडलेलं नातं नाही. हातात धरायचा जिगसॉ जन्माला आला तोच शिलाई मशीनमधनं. स्वित्झर्लंडमध्ये सोलोथर्न गावी सिंटिला नावाची कंपनी होती. तिथल्या आल्बर्ट काउफमान या इंजिनिअरनं १९४६ साली बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथं करवतीचं पातं लावून बघितलं. पुढच्याच वर्षी कंपनीनं मशीन बाजारात आणलं आणि नंतर ही कंपनी बॉशकडं गेली. सोलोथर्न आणि सोलापूर, दोन्हीकडं सुईचंच राज्य!

बूड बरोबर आहे, तरी पडतंय. मग बसवण्याची रीत तपासायची. इथं मशीनच्या क्लॅम्पप्रमाणं फरक पडतो.

खटक्याचा क्लॅम्प असेल, म्हणजे पुढचा खटका उचलायचा किंवा कडं फिरवायचं आणि ब्लेड आत सारायचं, तर खटका पूर्ण उघडा. अर्ध्यावर धरून ब्लेड कोंबू नका. दाते पुढं, पाठ मागच्या छोट्या चाकाकडं, म्हणजे रोलरकडं. ब्लेड सरळ वर ढकला, जोवर दोन्ही कान आत दिसेनासे होत नाहीत तोवर. एक कान आत आणि एक कडेवर टेकलेला, हा प्रकार फार होतो, कारण खालनं बघितलं तर ब्लेड सरळच दिसतं. काही मशीनांत ब्लेड आडवं धरून आत घालायचं आणि मग ९० अंशात फिरवायचं असतं. ते सरळ घातलं तर अडकल्यासारखं वाटतं, पण कान खाचेत शिरलेले नसतात. तुमचं मशीन यातलं कोणतं हे पुस्तिकेतल्या चित्रात कळतं. चित्र फेकलं असेल तर क्लॅम्पच्या तोंडात बॅटरी मारून बघा, खाच कोणत्या दिशेला आडवी आहे ते स्वच्छ दिसतं. आत गेल्यावर खटका सोडा आणि त्याच्याकडं बघा. तो स्वतःच्या जागी पूर्ण परत आला पाहिजे. बोटभर अलीकडं थांबला असेल तर ब्लेड धरलेलं नाही, आवाज टक् असा आला असला तरी. आणि खटका बोटानं दाबून जागेवर नेणं हा उपाय नव्हे. तो स्वतःहून का जात नाही, हे शोधायचं.

स्क्रूचा क्लॅम्प असेल तर कष्ट जास्त, पण दोष शोधणं सोपं. स्क्रू दोन-तीन फेरे ढिला करा. पूर्ण काढला तर तो भुशात हरवणार, ही काळ्या दगडावरची रेघ. ब्लेड तळाला टेकेपर्यंत वर सारा आणि वरच दाबून धरून स्क्रू आवळा. हात सोडून आवळलं की ब्लेड स्वतःच्या वजनानं दोन मिमी खाली आलेलं असतं आणि स्क्रू चुकीच्या जागी दाबतो. दोन स्क्रू असतील तर एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडं वळू नका. थोडा हा, थोडा तो, असं दोन-तीनदा करा, नाहीतर ब्लेड तिरकं बसतं. किती आवळायचं? की मनगटानं घट्ट झाली की बास. पाईप लावून, पाय देऊन आवळणारे मी बघितलेत. त्यानं स्क्रूचं षटकोनी भोक गोल होतं, आणि मग तो स्क्रू धड आवळलाही जात नाही आणि निघतही नाही. भोक गोल व्हायला लागलं असेल तर स्क्रू आजच बदला. दहा-वीस रुपयांचं काम आहे, पुढं ते ड्रिलवर जातं.

स्क्रूवाल्या मशीनला माझी एक चाचणी आहे. ब्लेड बसवल्यावर क्लॅम्पच्या खालच्या कडेला लागून ब्लेडवर बॉलपेननं बारीक रेघ मारा. फूटभर लाकूड कापा, प्लग काढा, बघा. रेघ कडेपासनं खाली आली असेल तर ब्लेड हळूहळू सरकतंय, म्हणजे पकड कमी पडतेय. स्क्रूचं टोक झिजलंय, किंवा ब्लेडचं बूड तेलकट आहे. नव्या ब्लेडवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो फडक्यानं पुसून काढा. खटक्याच्या मशीनला ही रेघ उपयोगाची नाही, तिथं ब्लेड एकतर आत असतं नाहीतर बाहेर.

कोणताही क्लॅम्प असो, बसवून झालं की फडक्यात धरून ब्लेड खाली ओढा. कचरत ओढू नका, दम लावून ओढा. वर-खाली अजिबात हलता कामा नये. डावीकडं-उजवीकडं किंचित हललं तर चालतं. मग मशीनचं तोंड कुणाकडं न करता, सगळ्यात कमी वेगावर दहा सेकंद मोकळं चालवा, बंद करा, प्लग काढा, पुन्हा ओढा. नीट न बसलेलं ब्लेड मोकळ्या चालीतही गोळीसारखं सुटू शकतं. चष्मा लावूनच करायचं हे.

आता माझ्या सातशे रुपयांची गोष्ट.

त्या काळात मी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेले तक्ते, फार कापत होतो. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर गणपतीची मखरं प्लायची आणि एमडीएफची व्हायला लागली, आणि श्रावण लागला की आमच्याकडं जाळ्या-कमानींची रांग. एमडीएफचा भुसा हा भुसाच नव्हे, ती पावडर. पिठापेक्षा बारीक. ती ब्लेड वर-खाली करणाऱ्या दांड्याबरोबर वर जाते आणि क्लॅम्पच्या खाचेत बसते. कान जिथं टेकायचे तिथंच तिचा थर धरतो. थर अर्धा मिमी झाला तरी कान पूर्ण वर जात नाहीत, आणि खटका जवळजवळ मिटतो, पण पूर्ण मिटत नाही.

दुरुस्तीवाल्यानं दोन्ही वेळा तेलाचा फवारा मारला होता. तेलानं पावडर तात्पुरती सुटली, स्प्रिंग मोकळी झाली, खटका टकाटक चालायला लागला. आठ दिवस आराम. पण आत तेल राहिलं, त्यात नवी पावडर पडत गेली, आणि वरनं सेकंदाला ५० ठोके. शेंगाची चटणी उखळात कशी तयार होते ते सोलापूरकरांना सांगायला नको. कुटत राहिलं की तेल सुटतं आणि सगळं मिळून येतं. माझ्या क्लॅम्पमध्ये तेच झालं होतं. नंतर ती चटणी मशीनच्या उष्णतेनं वाळली. मी वडिलांच्या पेटीतली एक जाड दाभण घेतली, खटका उघडा धरला आणि खाचेत टोक घालून खरवडलं. आधी नुसती धूळ आली. मग कोपऱ्यातनं तपकिरी पापुद्रा निघाला, नखाएवढा, टणक, बोटात दाबला तर मोडला तो कडक भाकरीच्या तुकड्यासारखा कट् करून. त्याच्यावर ब्लेडच्या कानाचा ठसा स्पष्ट उमटला होता. दुसऱ्या बाजूनं तसाच दुसरा.

पापुद्रे काढले, जुन्या टूथब्रशनं खाच घासली, तोंडानं न फुंकता सायकलच्या पंपानं हवा मारली. फुंकलं की सगळं डोळ्यात येतं, तेही एकदा करून झालंय. ब्लेड सारलं. खटका मिटला तेव्हाचा आवाजच वेगळा होता. आधी टक् यायचा, आता ठक् आला, जाड. गेली तीन वर्षं मी त्या आवाजावर जातो.

तेव्हापासनं क्लॅम्प कोराच ठेवतो. तेल फक्त मागच्या रोलरच्या पिनेला, एक थेंब, तोही पुसून. सागवानाचा किंवा प्लायच्या गोंदाचा चिकटा ब्लेडच्या बुडावर बसला असेल तर तो रॉकेल लावलेल्या फडक्यानं पुसून, वाळवून मगच ब्लेड आत घालायचं. एमडीएफचं काम असेल त्या दिवशी संध्याकाळी ब्रश फिरवायचाच, रोज. साध्या प्लायला आठवड्यानं चालतं.

भाच्याच्या मशीनचंही निम्मं दुखणं हेच निघालं. खटका गव्हाच्या दाण्याएवढा अलीकडं थांबत होता. पण मग सरळ कडेला ब्लेड का टिकत होतं आणि मुंढ्यालाच का पडत होतं? कारण सरळ चिऱ्यात फक्त खालचा ओढा असतो. गोलाईत मशीन वळतं आणि लाकडात अडकलेलं ब्लेड वळायला तयार नसतं, म्हणून बुडाशी पीळ बसतो. अर्धवट धरलेला कान त्या पिळात निसटतो. तुमचंही ब्लेड नेमकं वळणावरच पडत असेल तर क्लॅम्प स्वच्छ करा, पण ब्लेडही बघा. ह्या पठ्ठ्यानं टी १४४ डी लावलं होतं. ते रुंद, मोठ्या दात्यांचं, जाड लाकूड सरळ आणि भराभर चिरायला. मुंढ्यासाठी टी १०१ एओ लागतं. अरुंद पात्याचं, म्हणून कमी जागेत वळतं, १५ मिमी जाडीपर्यंत ठीक. शेवटचा 'ओ' दिसला की ते गोलाईचं ब्लेड समजायचं. आधीचं अक्षर दात्यांचं: ए बारीक, बी त्याहून मोठे, डी रांगडे.

वर पेंड्युलम तीनवर. म्हणजे ब्लेड वर-खाली होतानाच पुढं-मागंही झुलतं. मऊ लाकडात काम पटकन उरकायला ते छान, पण गोलाईला आणि पातळ प्लायला शून्य ठेवायचं. पत्र्यालाही शून्यच.

रोलरबद्दल थोडं. ब्लेडच्या पाठीमागं खोबणी असलेलं छोटं चाक असतं. ब्लेडची पाठ त्या खोबणीत अलगद टेकलेली पाहिजे. टेकत नसेल तर पुढं रेटताना ब्लेड मागं वाकतं, सगळा जोर क्लॅम्पवर येतो, कान झिजतात. काही मशीनांत बेस प्लेटचा, म्हणजे लाकडावर टेकणाऱ्या तळाच्या पट्टीचा, बोल्ट ढिला करून ती पुढं-मागं सरकवली की रोलर पाठीला लागतो. बाकीच्यांत रोलर स्वतःच येऊन टेकतो, तिथं फक्त तो फिरतोय का ते बघायचं. मी एक मशीन बघितलंय ज्याचा रोलर भुशानं जाम होऊन एका बाजूनं चपटा घासला गेला होता, आणि मालक दर आठवड्याला नवं ब्लेड घेत होता.

क्लॅम्प स्वच्छ, बूड बरोबर, रोलर बरोबर, तरी ब्लेड पडतंय असं असेल तर कापण्याची पद्धत बघा. ब्लेडचं टोक खाली कशाला तरी आपटतंय का? दोन स्टुलांवर प्लाय ठेवून कापताना चिरा स्टुलावर आला की टोक स्टुलाला ठोकतं. दर ठोक्याला ब्लेड वर ढकललं जातं, मग लाकूड खाली ओढतं, आणि दहा फुटांत क्लॅम्प खिळखिळा. लाकूड ब्लेडच्या मानानं जाड असलं तरी हेच, फक्त टोक लाकडाच्या आतच आपटतं, म्हणून कळत नाही. साधा नियम असा की दांडा सगळ्यात वर असताना सुद्धा ब्लेडचं टोक लाकडाखाली दिसलं पाहिजे. टी १०१ बी ३० मिमीपर्यंत, टी १४४ डी ५० मिमीपर्यंत. त्यापुढं लांब ब्लेड घ्या.

मोठ्या तक्त्याला मधे आधार नसेल तर तो झोल खातो, चिरा मिटतो आणि ब्लेडला चिमटा बसतो. दांडा वर जातो, ब्लेड खालीच राहतं. चिऱ्याच्या दोन्ही बाजूंना आधार द्या, तुटून पडणाऱ्या तुकड्यालाही. बेस प्लेट लाकडावर दाबून ठेवा. आणि ब्लेड थांबल्याशिवाय मशीन उचलू नका. चालतं ब्लेड बाहेर आलं की टोक तक्त्यावर नाचतं, वाकतं, आणि वाकलेलं ब्लेड पुन्हा कितीही नीट बसवलं तरी बुडाशी लचकतच राहतं.

स्वस्तातली ब्लेडं. मी वापरतो, खोटं का बोलू. पण पाकीट उघडल्यावर दोन-तीन ब्लेडांची बुडं चांगल्या ब्लेडाशेजारी ठेवून बघतो. कानांच्या कडेला ठोकणीची बर, म्हणजे बारीक धारदार कंगोरा, राहिलेली असते, तिच्यामुळं कान खाचेत बसत नाहीत. बारीक कानसीचे दोन हात मारले की निघते. बूडच पातळ असेल आणि क्लॅम्पमध्ये खुळखुळत असेल तर मात्र ते ब्लेड पोराटोरांच्या हातकामाला द्या, हँडल बांधून.

एवढं सगळं करून, नवं, चांगलं, योग्य बुडाचं ब्लेड घातलं आणि खटका पूर्ण मिटूनही ते बोटानं वर-खाली हलतंय, तर क्लॅम्पची आतली कड झिजलीय. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर जिथं कान टेकतात तिथं चकचकीत गोल खड्डा दिसेल. उलट्या दात्यांचं ब्लेड, ज्याच्या कोडमध्ये शेवटी 'आर' असतो, ते खाली येताना कापतं, त्यामुळं लाकूड त्याला वर क्लॅम्पकडं ढकलतं. तेच ब्लेड टिकतंय आणि साधं पडतंय असं झालं तर शंका पक्की. पण झिजलेल्या क्लॅम्पवर आर ब्लेड लावून दिवस ढकलू नका, मशीन हातात उड्या मारायला लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा, चहाच्या पाकिटाची चांदी, फेव्हिक्विक हे उपायही मी लोकांच्या मशीनमधनं काढलेत. क्लॅम्पचा सुटा भाग मिळतो, कंपनीच्या सर्व्हिसला मॉडेल नंबर सांगून मागवा. काही मशीनांत तो दांड्यासकट येतो आणि बदलायला डोकं उघडावं लागतं. ते घरी करू नका. आत ग्रीस, पेंड्युलमचे भाग आणि वजनाचा तोल असतो, उलटसुलट बसलं तर मशीन थरथरत सुटतं.

शेवटची अडचण, जी भाच्याच्या मशीनमध्ये त्याच संध्याकाळी निघाली. ब्लेड गळ्याशी तुटतं आणि बूड आतच राहतं. खटका उघडला तरी खाली पडत नाही, कारण बोटानं पकडायला काहीच शिल्लक नसतं. मशीनचं तोंड खाली करून, खटका पूर्ण उघडा धरून, क्लॅम्पच्या बाजूवर लाकडी मुठीनं हलकेच ठोका. निम्म्या वेळा एवढ्यानंच येतं. नाही आलं तर नोजप्लायरच्या टोकात गळ्याचा तुकडा पकडून सरळ खाली, पिळू नका. तेही जमलं नाही तर तुटलेलंच एखादं अरुंद ब्लेड बाजूच्या फटीतनं वर घालून बूड मागनं खाली रेटा. आम्हाला तिसरा उपाय लागला. बूड निघालं, आणि त्याच्या वरच्या कडेला तो तपकिरी पापुद्रा चिकटूनच आला. भाच्यानं तो उचलून उजेडात धरला.

"मामा, ह्याच्यावर कान छापलाय की."

त्याच्या हातात दाभण दिली आणि दुसऱ्या बाजूचा पापुद्रा त्यालाच काढायला लावला.